'साउथ पॅसिफिक'चं 2008 सालचं कास्ट रेकॉर्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिचर्ड रॉजर्स यांचं संगीत, ऑस्कर हॅमरस्टाइन यांची गीतं असलेलं 'साउथ पॅसिफिक' हे म्युझिकल एप्रिल 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये आलं. त्याचे 1,925 प्रयोग झाले. मग 2008 साली लिंकन सेंटरच्या व्हिव्हियन बोमाँ थिएटरमध्ये ते नव्या संचात उभं राहिलं. मधल्या काळात देशोदेशी ते होत राहिलं, पण ब्रॉडवेवरचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवरचं, पुनरुज्जीवन हे पहिलंच. या नव्या संचाचं कास्ट रेकॉर्डिंग मी आग्रहाने लोकांना ऐकायला सांगतो, आणि सांगितलं की पुढचे प्रश्न हमखास येतात.

कास्ट रेकॉर्डिंग म्हणजे प्रयोग चालू असताना केलेलं ध्वनिमुद्रण का?

बहुतेक वेळा नाही. नाटक सुरू झालं की थोड्याच दिवसांत, सहसा सुट्टीच्या वारी, सगळा संच स्टुडिओत जातो आणि एक-दोन दिवसांत गाणी मुद्रित करतो. त्यामुळे टाळ्या नाहीत, खोकले नाहीत, रंगमंचावरच्या पावलांचे आवाज नाहीत. संवाद जवळजवळ सगळे गळतात. गाण्यात शिरण्यापुरत्या दोन-चार ओळी तेवढ्या ठेवतात. 'साउथ पॅसिफिक' 3 एप्रिल 2008 ला सुरू झालं आणि मे संपायच्या आत सीडी बाजारात होती.

महत्त्वाचं हे की जो भूमिका करतो तोच गातो. पार्श्वगायनाची सोय नाही. संगीत नाटक पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

मूळ 1949चं रेकॉर्डिंग गाजलेलं आहे. मग 2008चं कशासाठी ऐकायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो रास्त आहे. 1949चा अल्बम निव्वळ गाजला असं म्हणणं कमीच आहे. कोलंबिया कंपनीने आदल्याच वर्षी लाँग प्लेइंग तबकडी बाजारात आणली होती. गॉडर्ड लीबरसन यांनी निर्मिती केलेला हा अल्बम त्या नव्या तबकडीला घराघरांत घेऊन गेला. अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत तो 69 आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. मेरी मार्टिन यांचा गप्पा मारल्यासारखा, ऊबदार आवाज आणि मेट्रोपोलिटन ऑपेरा गाजवून आलेले एझिओ पिन्झा यांचा खोल खर्ज, ही जोडी पुन्हा होणे नाही.

पण तो अल्बम म्हणजे नाटकातल्या गाण्यांचा एक निवडक पट आहे. तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची जागा, त्यात सगळं बसवायचं. मोनो ध्वनी, वाद्यं मागे, आवाज पुढे. 2008चं रेकॉर्डिंग तासाभराहून जास्त आहे आणि त्यात नाटकाचा ओघ शाबूत आहे. पुन्हा येणाऱ्या चाली, गाण्यांच्या आधी-नंतरचं वाद्यसंगीत, दोन प्रवेशांमधले दुवे असं बरंच काही इथे कानावर पडतं. शिवाय 'माय गर्ल बॅक होम' हे 1949च्या प्रयोगातून गाळलेलं गाणं इथे परत आलंय. दोन माणसं, दोघंही घरापासून हजारो मैल दूर, आणि दोघांनाही आता ते घर थोडं परकं वाटू लागलंय, असं ते गाणं आहे. ते का गाळलं असेल याचं मला आश्चर्य वाटतं, कारण लेफ्टनंट केबल हा तरुण नेमका कुठून आलाय हे त्याशिवाय नीट कळत नाही.

आवाजांचंही सांगायला हवं. केली ओहारा मूळच्या ओक्लाहोमाच्या, शास्त्रीय पद्धतीने गाणं शिकलेल्या. तरीही त्या नेली, म्हणजे नाटकाची नायिका, गाताना आवाजाची ताकद मिरवत नाहीत. छोट्या गावातली, चटकन हसणारी, मनातलं पटकन बोलून टाकणारी मुलगी आधी येते, गायिका तिच्यामागून. पाउलो शॉट ब्राझीलचे ऑपेरा गायक. ब्रॉडवेवरचं त्यांचं हे पहिलंच काम आणि त्याच कामासाठी त्यांना टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार मिळाला. पिन्झा 1949 मध्ये 56 वर्षांचे होते, शॉट चाळिशीच्या आतले. त्यामुळे पिन्झांचा एमिल, म्हणजे नाटकाचा नायक, आयुष्य पाहिलेला वडीलधारा वाटतो आणि शॉट यांचा एमिल अजूनही काहीतरी गमावायची भीती बाळगून असलेला माणूस. मला हा दुसरा एमिल अधिक जवळचा वाटतो.

गोष्ट माहीत नसेल तर चालेल का?

चालणार नाही. गोष्ट थोडक्यात अशी.

दुसरं महायुद्ध चालू आहे. प्रशांत महासागरातल्या एका बेटावर अमेरिकी नौदलाचा तळ आहे. नेली फोरबुश ही आर्कन्सामधल्या लिटल रॉकची नर्स. एमिल द बेक हा मध्यमवयीन फ्रेंच मळेवाला. दोघं प्रेमात पडतात. मग नेलीला कळतं की एमिलला दोन मुलं आहेत आणि त्यांची दिवंगत आई पॉलिनेशियन होती. नेली मागे सरकते, कारण वर्णभेद तिच्यात खोल मुरलेला आहे. दुसरीकडे फिलाडेल्फियाच्या बड्या घरातला लेफ्टनंट जो केबल लियाट या टोंकिनी, म्हणजे उत्तर व्हिएतनामी मुलीच्या प्रेमात पडतो, पण लग्नाचं म्हटल्यावर कच खातो. लियाटची आई ब्लडी मेरी सैनिकांना वस्तू विकणारी, बडबडी, व्यवहारी बाई. पुढे एमिल आणि केबल एका जोखमीच्या कामगिरीवर शत्रूच्या ताब्यातल्या बेटावर जातात. केबल परत येत नाही. एमिल येतो, तेव्हा नेली त्याच्या मुलांबरोबर बसलेली असते.

मूळ कथा जेम्स मिचेनर यांच्या, 1948चं पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या कथासंग्रहातल्या. युद्धकाळात ते नौदलाच्या नोकरीत एस्पिरितु सांतो बेटावर होते. हे बेट आज व्हानुआतू देशात आहे. टोंकिनी मजूर तिथे फ्रेंच मळ्यांवर कामाला आणलेले असत, म्हणजे ब्लडी मेरी निव्वळ कल्पनेतून आलेली नाही.

आवडती दोन-तीन गाणी निवडून ऐकली तर?

ऐका, कोणी अडवणार नाही. पण या रेकॉर्डिंगचा खरा आनंद क्रमाने ऐकण्यात आहे आणि त्याचं कारण संगीतातच आहे.

आपल्या संगीत नाटकात पद रंगलं की 'वन्स मोअर' येतो. गायक तेच पद पुन्हा घेतो, नव्या जागा काढतो, तानांनी फुलवतो. प्रसंग तिथेच थांबलेला असतो आणि प्रेक्षकांना ते हवंच असतं. ब्रॉडवेवर उलट आहे. तिथे गायकाला सुरांची फारशी मोकळीक नाही, पण नाटककार स्वतःच एखादी चाल पुन्हा आणतो. तिला रिप्राइज म्हणतात. चाल तीच, माणूस किंवा प्रसंग बदललेला.

'सम एन्चांटेड ईव्हनिंग' घ्या. पहिल्या प्रवेशात एमिल ते आत्मविश्वासाने गातो. गर्दीत एक अनोळखी चेहरा दिसला तर त्याच्याकडे धावत जा, असा अनुभवी माणसाचा सल्ला. बऱ्याच वेळाने तीच चाल नेलीच्या तोंडी येते. तोवर केबल गेलाय, एमिलचा पत्ता नाही, आणि आपण काय घालवलं हे तिला कळून चुकलंय. हे गाणं सुटं ऐकलं तर एक छान प्रेमगीत. क्रमाने ऐकलं तर त्याच सुरांत पश्चात्ताप ऐकू येतो. मुलांच्या फ्रेंच गाण्याचं, 'दित म्वा'चंही तसंच. नाटक त्याने सुरू होतं आणि त्यानेच संपतं. शेवटी नेलीला शब्द आठवत नाहीत आणि पुढची ओळ मागून एमिलच्या आवाजात येते.

तेव्हा फोनवरचं शफल आधी बंद करा. मध्ये मध्यंतर घ्यायला हरकत नाही, नाटकातही ते आहेच.

सुरुवातीचं वाद्यसंगीत वगळून थेट गाण्यांवर गेलं तर?

हे मात्र कृपा करून करू नका.

त्या वाद्यसंगीताला ओव्हर्चर म्हणतात. 2008च्या प्रयोगात ओव्हर्चर चालू असताना रंगमंचाची पुढची जमीन मागे सरकत असे आणि खाली बसलेला 30 वादकांचा ताफा प्रेक्षकांना दिसे. त्या काळात ब्रॉडवेवर खर्च वाचवायला वादक कमी करायचे आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्डने पोकळी भरायची ही रीत झाली होती. अशा वेळी दिग्दर्शक बार्टलेट शेर आणि संगीत दिग्दर्शक टेड स्पर्लिंग यांनी 1949ची वाद्यरचना जशीच्या तशी, पुऱ्या ताफ्यानिशी वाजवायचं ठरवलं. ही वाद्यरचना रॉबर्ट रसेल बेनेट यांची. रॉजर्स चाल बांधत. ती कोणत्या क्षणी बासरीकडे द्यायची, कधी व्हायोलिनच्या थव्याकडे, गायकाच्या मागे काय वाजवायचं आणि कधी गप्प राहायचं, हे बेनेट ठरवत. अशा माणसांची नावं श्रोत्यांपर्यंत क्वचितच पोचतात. बेनेट 1981 मध्ये वारले. 2008 साली, या प्रयोगाच्या निमित्ताने, त्यांना मरणोत्तर विशेष टोनी दिला गेला. उशिरा का होईना, दिला गेला याचा मला फार आनंद आहे.

ओव्हर्चर सुरू होताच तीन स्वर ऐकू येतील. एक स्वर, मग तोच वरच्या सप्तकातला, मग तिथून अर्ध्या स्वराने खाली. हे तीन स्वर म्हणजे 'बाली हाय', समोर धुक्यात दिसणारं आणि सैनिकांना जायला मनाई असलेलं बेट. उडी मोठी आणि पोचता पोचता किंचित चुकलेली. ते बेट खुणावतं, पण हाताला लागत नाही, हे शब्दांच्या आधी त्या अर्ध्या स्वराने सांगितलेलं असतं. एकदा हे कानात बसलं की पुढे ते स्वर कुठे कुठे डोकावतात हे तुमचं तुम्हाला सापडत जाईल.

पहिल्यांदा ऐकताना कुठे विशेष कान द्यावा?

'ट्विन सॉलिलॉकीज'. नाव घेऊन कोणी हे गाणं मागत नाही, आणि माझ्या मते सगळ्या नाटकातली सर्वोत्तम तीन-एक मिनिटं हीच. नेली आणि एमिल एकाच खोलीत आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत. दोघंही मनातल्या मनात आळीपाळीने गातात. ती विचार करते, याला माझ्यासारखी साधी मुलगी कशी आवडेल. तो विचार करतो, ही माझ्यासारख्या वय झालेल्या माणसाला का हो म्हणेल. दोघं एकत्र एकही ओळ गात नाहीत. यामागे व्यवहाराचं कारणही आहे. पिन्झांसारख्या ऑपेरा गायकाच्या शेजारी आपला आवाज कसा टिकेल, ही मार्टिन यांना धास्ती होती आणि एकमेकांवर आवाज चढवावा लागणार नाही असा शब्द त्यांना मिळाला होता. त्या अडचणीतून हे रूप निघालं. दोघांचं गाणं संपलं तरी कोणी बोलत नाही. तिथून वाद्यवृंद सूत्रं हाती घेतो आणि चढत चढत अशा ठिकाणी नेतो की दोघं ब्रँडीचे पेले हातात धरून नुसती एकमेकांकडे पाहतायत हे न दाखवता दिसतं. 30 वादक कशाला हवेत, हे कोणी विचारलं तर त्याला ही मिनिटं ऐकवावीत.

दुसरी जागा म्हणजे दोन वॉल्ट्झ. नेलीचं 'अ वंडरफुल गाय' आणि एमिलचं 'धिस निअर्ली वॉज माइन', दोन्ही तीन-तीन मात्रांच्या चालीत. पहिलं गरगर फिरणारं, आनंदाने फुटायला आलेलं. दुसरं संथ, जवळजवळ माझं झालं होतं ते गेलं, असं म्हणणारं. शॉट दुसऱ्या वॉल्ट्झमध्ये शेवटपर्यंत आवाज राखून ठेवतात आणि मग एकदाच मोकळा सोडतात.

ब्लडी मेरी झालेल्या लॉरेटा एबल्स सेअर यांचं 'बाली हाय' ऐकताना त्यातला विक्रेतीचा हिशेब ऐका. हे गूढरम्य गाणं म्हणणारी बाई त्या क्षणी आपल्या मुलीसाठी स्थळ गाठते आहे.

डॅनी बर्स्टाइन या नटाची आणि खलाशांची धमाल गाणी कोणी समजावून सांगायची गरज नाही.

एक गाणं फार वादग्रस्त ठरलं होतं म्हणतात, ते कोणतं?

'यू हॅव गॉट टू बी केअरफुली टॉट'. जेमतेम दीड मिनिटाचं. नेली एमिलला सांगते की तिच्या मनातली ही अढी तिच्या हातात नाही, ती जन्मजात आहे. एमिलला ते पटत नाही. तेव्हा केबल कडवटपणे गातो की द्वेष जन्मजात नसतो, तो लहानपणी, सहा-सात-आठ वर्षांचे असेपर्यंत शिकवावा लागतो.

हे गाणं काढा, असा सल्ला रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांना अनेकांनी दिला. त्यांनी काढलं नाही. 1953 मध्ये दौऱ्यावरचा संच अटलांटाला गेला, तेव्हा जॉर्जियाच्या दोन आमदारांनी या गाण्याविरुद्ध आवाज उठवला. आंतरवंशीय विवाहाचं समर्थन म्हणजे अमेरिकी जीवनपद्धतीला धोका, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वेळी अमेरिकेच्या अनेक राज्यांत असा विवाह कायद्याने गुन्हा होता, हे लक्षात घेतलं की दीड मिनिटात केवढं धाडस आहे ते समजतं.

केबल झालेले मॅथ्यू मॉरिसन ते गाताना उपदेशक होत नाहीत. गाणं दुसऱ्या कुणाला सुनावलेलं नाही, केबलने ते स्वतःलाच ऐकवलंय, कारण लियाटला नाकारणारा तोच आहे. चालही मुद्दाम साधी, मुलांना पाठ करायला द्यावी तशी. जातीपातीचे संस्कार घरात नकळत कसे होतात हे आपल्याला परक्या देशाकडून शिकायची गरज नाही. म्हणूनच कदाचित हे गाणं मराठी श्रोत्याला सरळ भिडतं.

वर्णभेदाविरुद्धचं नाटक असूनही काही गोष्टी आज खटकतात. तुम्हाला नाही खटकत?

खटकतात. ब्लडी मेरीची मोडकी इंग्रजी विनोदासाठी वापरली आहे. 'हॅपी टॉक'मध्ये आई गाते आणि लियाट हातवारे करते. जिच्यावरून इतकं सगळं घडतं त्या मुलीला स्वतःचं एकही गाणं नाही. एशियाई माणसं इथे गोऱ्या माणसांच्या मनःस्थित्यंतराचं निमित्त होऊन राहतात, हा आक्षेप मला मान्य आहे.

शेर यांनी यावर रंगमंचावर काम केलं होतं. त्या काळी सैन्यातही काळे-गोरे वेगळे ठेवले जात, म्हणून त्यांनी काळे सैनिक बाकीच्यांपासून अलग उभे केले. पण हे डोळ्यांनी पाहायचं होतं. रेकॉर्डिंगमध्ये ते उतरत नाही, ती या माध्यमाची मर्यादाच आहे. एक नोंद मात्र करायला हवी. 1949 मध्ये ब्लडी मेरी करणाऱ्या ज्वानिटा हॉल या टोनी पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत होत्या.

इंग्रजी गाणी भराभर म्हटली तर कळत नाहीत. काय करावं?

हॅमरस्टाइन यांची शब्दकळा साधी आहे. सोपे शब्द, लांब स्वर, आणि महत्त्वाचा शब्द बहुधा चालीच्या वरच्या टोकाला. अडचण येईल ती खलाशांच्या बोलीची आणि नेलीच्या दक्षिणी हेलाची. पहिल्यांदा गीतं समोर ठेवून ऐका, दुसऱ्यांदा बाजूला ठेवा. 'दित म्वा' तर फ्रेंचच आहे, तिथे नेलीलाही सुरुवातीला काही कळत नसतं.

त्यापेक्षा 1958चा चित्रपट पाहिला तर?

पाहा, पण हे आधी ऐका. चित्रपटात गाण्यांच्या वेळी पडद्यावर भडक रंगांचे पडदे चढतात आणि त्यात गाणं हरवतं. एमिलचं काम करणाऱ्या नटासाठी दुसऱ्याच गायकाने गायलंय. ज्वानिटा हॉल पडद्यावर आहेत, पण त्यांनाही दुसरा आवाज दिलाय, याचं मला आजही वाईट वाटतं.

मिळेल कुठे?

मास्टरवर्क्स ब्रॉडवे या सोनीच्या लेबलने ते काढलं. 1949चा अल्बमही आता त्यांच्याकडेच आहे. गाण्यांच्या नेहमीच्या अ‍ॅपवर शोधताना वर्ष आणि केली ओहारा यांचं नाव बघून घ्या, कारण 'साउथ पॅसिफिक'ची रेकॉर्डिंग्ज बरीच आहेत. 1986चं किरी ते कानावा आणि होसे करेरास यांचं स्टुडिओ रेकॉर्डिंगही त्यातलंच. ऑपेराचे भारी आवाज, पण नाटक मागे पडलेलं.

हे आवडलं तर पुढे काय?

आधी 1949चं. 2008 पाठ झाल्यावर ते ऐकलं की मार्टिन आणि पिन्झा काय वेगळं करतात ते नेमकं कळतं.

मग त्याच थिएटरमधलं 2015चं 'द किंग अँड आय'. तेही रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांचं, दिग्दर्शक पुन्हा शेर, मुख्य भूमिकेत पुन्हा केली ओहारा, आणि या वेळी त्यांना टोनी मिळाला. आणि मग 2018चं 'माय फेअर लेडी', शेर यांनीच तिथेच केलेलं. त्याची कथा तुम्हाला ओळखीची निघेल. शॉ यांच्या ज्या 'पिग्मॅलियन'वर ते म्युझिकल बेतलंय, त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिलं.